विहिरीत सोडलेली बाटली

शाळामास्तराने बिअरवर लिहू नये, एवढे मलाही कळते. दिवाळी अंक घरात येतो, फराळाच्या ताटाशेजारी पडून राहतो, लहानथोर सगळे वाचतात. एखादा जुना विद्यार्थी आईला दाखवतो, "हे बघ, आमचे गुरुजी." आणि गुरुजींनी लिहिलेले असते काय, तर बिअर! म्हणून हा मजकूर मी आधी घरात वाचायला दिला. बायकोने पहिले पान वाचले आणि विचारले, "तुम्ही जन्मात बाटल्या किती प्यालात?"

मी बोटे मोजली. "पाच."

"आणि पाच बाटल्यांवर लेख?"

"नाही. सहावीवर. जी प्यालो नाही तिच्यावर."

तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि पुढचे पान उलटले. तिला ती गोष्ट ठाऊक होती. गावात मात्र ती कुणाला ठाऊक नाही. आता कळायला हरकत नाही.

खरे सांगायचे तर बिअरची पारख मला नाही. जाणते लोक एका घोटात नाव ओळखतात, कडूपणा जोखतात, फेसाची उंची बघतात. मला आठवतो तो समोर बसलेला माणूस, ती वेळ, तो उकाडा. माझी पहिली कादंबरी छापून आली त्या संध्याकाळी पुण्यात एका मित्राने त्याच्या खोलीवर लंडन पिल्सनर पाजली. खोलीत फ्रीज नव्हता, बाटली कोमट होती. पण त्या गृहस्थाने अर्पणपत्रिका तीन वेळा मोठ्याने वाचून दाखवली, आणि ती कोमट बाटली मला अजून आठवते. दुसरी एकदा पणजीला, मांडवीच्या काठावर, एका लग्नाच्या आदल्या दिवशी. तिथे मला बिअर चढली नाही, पाणी चढले. एवढे पाणी कुणाच्या देखरेखीवाचून, रात्रंदिवस, फुकट वाहते आहे, हे माणदेशच्या माणसाला झेपत नाही. बाकीच्या बाटल्यांची हकीकत सांगण्यासारखी नाही. एक सोडून; ती शेवटी येईल.

माण म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. आमचा सातारा जिल्हा. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणला पाचशे पडला तर लोक एकमेकांना सांगत फिरतात. ढग येतात, सह्याद्रीवर सगळे ओझे उतरवतात आणि रिकाम्या हाताने आमच्यावरून पुढे जातात. माणगंगा नदी आहे. वर्षातले बरेच दिवस ती नदी नसून वाळू असते. सांगलीकडचे आटपाडी, जत, खानापूर, सगळे याच कपाळाचे. अशा मुलखात कुठल्याही पातळ पदार्थाला मान असतो. पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या. चहा मागाहून.

आमच्या घरचे खरे पेय आंबील. माझी थोरली आई, म्हणजे थोरल्या चुलत्याची बायको, हिच्या हातची. रात्री ज्वारीचे पीठ ताकात कालवून ती मडक्यात ठेवून द्यायची. वर फडके बांधायची. पहाटेपर्यंत ते आंबून वर यायचे, फडके काढले की आंबूस वास नाकात शिरायचा. मग उकळत्या पाण्यात ते सोडायचे, गुठळी होऊ न देता हाटायचे, मीठ, जिरे, ठेचलेला लसूण. गार झाली की किटलीत भरून सुगीच्या दिवसांत रानात. खुरपणाऱ्या बायका ओळीने बसायच्या, पितळीत ओतून घ्यायच्या, एका हातात कांदा. पहिला घोट गेला की बोलणे बंद पडायचे. मी वाढून जिल्ह्याबाहेरचे पाणी प्यालो, हॉटेलांत बसलो, पण तहान भागणे म्हणजे काय याचे माप माझ्यापाशी ती किटलीच आहे.

पुढे वाचनात आले की बिअर ही या आंबिलीचीच नातलग. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडून उकळायचे, त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले टाकायची आणि आंबू द्यायचे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडे तर ज्वारीलाच मोड आणून बिअर करतात. आज जिथे इराक आहे तिथे सुमेरी लोकांना जवाची बिअर ठाऊक होती, आणि तिची निन्कासी नावाची एक देवीही होती. तिच्यावरचे जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे स्तोत्र मातीच्या विटांवर सापडले आहे. म्हणजे आंबवणाऱ्या बाईला देवी मानण्याची रीत जुनी आहे. हे आंबणे नेमके कशाने होते, यावर फ्रान्समध्ये लुई पाश्चरने बिअरविषयीचा ग्रंथ लिहिला तो १८७६ साली. त्याच साली आमच्याकडे पाऊस गेला आणि १८७८ पर्यंत टिकलेला तो मोठा दुष्काळ पडला. तिकडे बिअर का नासते याचा शोध चालला होता, इकडे माणसे पेंडीसाठी खडी फोडत होती. वर्गात सनावळ्या शिकवताना मी ही दोन साले शेजारी शेजारी लिहितो. पोरांना गंमत वाटते. एकदा एका मुलीने विचारले, "गुरुजी, त्या साली त्यांच्याकडं पाणी हुतं म्हणून त्यांना बिअरचं सुचलं का?" मी तिला शाबासकी दिली आणि घंटा व्हायची वाट बघितली.

दारूचा आमच्या घराशी संबंध आला तो असा सुमेरी वगैरे नव्हे. तो हातभट्टीचा. जुन्या मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, १९५० पासून राज्यभर बंदी झाली, आणि गावोगाव ओढ्याच्या वळणावर भट्ट्या लागल्या, असे आजोबा सांगत. पुढे बंदी सैल झाली, भट्ट्या काही विझल्या नाहीत. माझे थोरले चुलते, तात्या, चांगले पैलवान गडी. त्यांना त्या पांढऱ्या पाण्याने धरले. १९९४ साली श्रावणात एका सकाळी ते मळ्यातल्या विहिरीच्या धावेवर पडलेले सापडले. आप्पा तेव्हा सोळा वर्षांचा होता, मी चौदाचा.

आप्पा त्यांचा एकुलता मुलगा, माझा चुलतभाऊ. तेराव्यानंतर महिन्याभरात तो गलाईला गेला. गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव, या कोरड्या पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यात आहेत. केरळात जा, बंगालात जा, सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात मराठी ऐकू आले तर तो आमच्याकडचा समजावा. रान पिकत नाही म्हणून दुसऱ्यांचे सोने धुवायचे! जुना दागिना मुशीत वितळवायचा, त्यात चांदी मिसळायची, पातळ पत्रा करून तेजाबात उकळायचा. चांदी-तांबे तेजाबात जाते, सोने तळाशी राहते, तांबूस धूर डोळ्यांत जातो. एका खोलीत भट्टी, तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. आप्पा कोइमतूरला एका नातेवाइकाच्या दुकानी पोऱ्या म्हणून लागला. दिवसभर भट्टीपुढे बसून घसा सुकतो, रात्री सगळे मिळून एखादी बाटली घेतात, असे त्याने मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता, हे आज लिहितो.

आता २००३ सालचा चैत्र. लागोपाठ दुसरे वर्ष पावसाने तोंड फिरवले होते. गावात टँकर येत होता. पण जत्रा ती जत्रा. गलाईवाले देशभरातून गावी आले. आप्पाही आला. मी आठ महिन्यांपूर्वी शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो, महिना तीन हजार रुपये मानधन, तीन वर्षे नीट गेली तर कायम. वयाने तेवीस. आप्पाने पिशवीतून लुंगीत गुंडाळलेल्या किंगफिशरच्या दोन मोठ्या बाटल्या काढल्या. "नोकरी लागली, पार्टी न्हाई दिलीस. म्हनलं आपनच द्यावी."

महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, बिअरला वयाची एकवीस वर्षे पुरी लागतात. वय आमच्याकडे होते, परवाना नव्हता आणि बर्फही नव्हता. बाटल्या हाताला चटका बसेल इतक्या तापलेल्या. आप्पा म्हणाला, "असल्या प्याच्या म्हंजी काढा प्याल्यागत."

युक्ती माझी. मळ्यातली विहीर सत्तर फूट खोल. तळाशी बैलगाडीच्या चाकाएवढे डबके उरले होते, पण झऱ्याचे, थंडगार. मी दोन्ही बाटल्या बादलीत उभ्या केल्या, कडीला दोर बांधला, हळूहळू खाली सोडला. बादली टेकली, कलली, पाणी आत शिरले. दोराचे वरचे टोक मी थारोळ्याच्या खांबाला पक्के बांधले. "तासाभरात गारेगार," मी म्हणालो आणि आम्ही पालखी बघायला गावात गेलो.

त्या विहिरीवर वस्तीतल्या बायका चौथ्या प्रहरी पाण्याला येत. झऱ्याला पाणी भरायला वेळ लागे, म्हणून पाळी लावलेली. त्या दिवशी जत्रा. कोण येते, असे मी धरून चाललो. पण जत्रेलाही माणसांना पाणी लागतेच, किंबहुना पाहुण्यांमुळे जास्त लागते, हे शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आले नाही.

आम्ही परतलो तेव्हा थारोळ्यापाशी चार बायका उभ्या होत्या आणि थोरली आई दोर ओढत होती. कुणीतरी बादली सोडून गेले असावे, असे तिला वाटले असणार. आम्ही लिंबाखाली पोचायला आणि बादली वर यायला एकच गाठ पडली. तिने आत पाहिले. एक बाटली उचलून दगडावर ठेवली. दुसरी ठेवली. मग बाटल्यांभोवती जे तांब्या-दीड तांब्या पाणी होते ते तिने एक थेंब न सांडता हंड्यात ओतले आणि बादली पुन्हा खाली सोडली. बाकीच्या तिघी विहिरीत बघत राहिल्या.

बादली भरेपर्यंत ती बोलली नाही. मग आप्पाकडे बघून म्हणाली, "तुजा बा हितंच सापडला हुता. ध्यानात हाय न्हवं?"

आप्पाने एकदा माझ्याकडे पाहिले. एकदाच. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. मनात चटचट हिशेब चालला होता: बायका गावात बोलणार, शाळेच्या समितीत जाणार, अजून सव्वादोन वर्षे जायची आहेत. वर्गात पोरांना मी खरे बोलावे म्हणून शिकवीत असे, आणि त्या दुपारी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

"व्हय आय," आप्पा म्हणाला. "माज्याच हायत."

बायका गेल्यावर त्याने दाताने बुचे काढली आणि दोन्ही बाटल्या लिंबाच्या बुडाशी उपड्या केल्या. फोडल्या नाहीत, काच जनावरांच्या खुरात जाईल म्हणून. पांढरा फेस मातीवर क्षणभर उभा राहिला आणि चर्र होऊन नाहीसा झाला. ती भुई कसलाही ओलावा सोडीत नव्हती. दुसऱ्या दिवशी कुस्त्या होत्या. आप्पाला कुस्त्यांचे वेड. पण तो पहाटेच्या एस.टी.ने निघून गेला. त्यानंतर तो लग्नाकार्याला आला, मर्तिकाला आला. जत्रेला आला नाही. आईला पैसे दरमहा वेळेवर. माझ्याशी बोलणेही होते, हसणेही होते. फक्त ती दुपार सोडून सगळे बोलायचे, असा न ठरवता ठराव झाला होता.

दहा वर्षे गेली. मी कायम झालो, दोन कादंबऱ्या लिहिल्या. माणसांच्या मनातले लिहिणारा म्हणून कुणी कौतुक केले की मला थारोळ्यावरच्या त्या दोन बाटल्या दिसत.

२०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने जनावरांची छावणी चालवली. हजारो जनावरे आणि त्यांच्यामागे त्यांची माणसे. थोरली आई दोन गाई घेऊन तिथे जाऊन राहिली होती. वर काळे कापड ताणलेले, खाली बाज, बाजेखाली ट्रंक. मी रविवारी डबा घेऊन जाई. एका संध्याकाळी गाईंना पाणी दाखवून ती बसली आणि मी सांगून टाकले. युक्ती माझी होती. बादली मी सोडली. बाटल्या आणल्या त्याने, पण प्यायला आम्ही दोघे होतो.

ती गाईच्या अंगावरची गोचीड काढत होती. काढतच राहिली. "ठावं हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगतंय? खांबाला गाठ बघितली की म्या. आप्पा डावरा. त्याची गाठ उलटी पडती. ती गाठ तुजी."

मला काही सुचेना. "मग त्याला का बोललीस? मला का नाही?"

"पोटच्याला बोलता येतंय. दुसऱ्याच्या लेकराला काय बोलू? आन्‌ तू पिऊन काय मरनार हुतास? बा त्याचा मेलेला. त्येलाच भ्या घालाया पायजे हुतं." थोडा वेळ थांबून म्हणाली, "तू बोलशील म्हनून वाट बघितली मातर. बादली भरंस्तवर."

छावणीत त्या वेळी चारा वाटपाची गडबड सुरू झाली आणि ती पेंढी आणायला उठली. हे आप्पाला सांगायचे धैर्य व्हायला मला आणखी तीन वर्षे लागली. फोनवर सांगण्यासारखे ते नव्हतेच.

२०१६ चा उन्हाळा वाचकांना आठवत असेल. एप्रिलात आमच्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेले; पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथल्या बिअरच्या आणि मद्याच्या कारखान्यांचे पाणी आधी निम्म्याने आणि पुढे त्याहून जास्त तोडायला सांगितले. एक लिटर बिअर करायला कारखान्याला साधारण चार-पाच लिटर पाणी लागते, हे तेव्हा वर्तमानपत्रांत येत होते. मला ते वाचून विहिरीतली बादली आठवली. आम्ही दोन बाटल्या गार करायला अडवून ठेवले होते तांब्या-दीड तांब्या. 

त्या मे महिन्यात मी कोइमतूरला गेलो. आप्पाचे आता स्वतःचे दुकान होते. भट्टीवर धुराडे, हाताखाली आटपाडीकडची दोन पोरे. तमिळनाडूत २००३ च्या अखेरीपासून दारूची किरकोळ विक्री सरकारच करते. तसल्या सरकारी दुकानातून आप्पाने माझ्यासाठी एक बाटली आणवली. रात्री आम्ही गच्चीवर बसलो. माझ्यापुढे ग्लास, त्याच्यापुढे स्टीलच्या पेल्यात पातळ ताक, कढीपत्ता आणि आले घातलेले. त्याला तिकडे नीर मोर म्हणतात.

"तू?" मी विचारले.

"त्या जत्रंपास्नं न्हाई," तो म्हणाला. "आयनं न बोलता सोडवली."

मी एक घोट घेतला आणि सगळे सांगितले. छावणी, गोचीड, गाठ. तो ऐकत होता. मध्ये एकदा हसू आल्यासारखे झाले, पण हसला नाही. दागिन्यांच्या पुडक्याचा दोरा पडला होता तो त्याने माझ्याकडे टाकला. "कशी बांदलीती, बांद बरं." मी पाण्याच्या पिंपाच्या नळाला बांधली. त्याने पिंपाकडे वाकून डाव्या हाताने ती चाचपली.

"तिला ठावं हुतं," तो म्हणाला. "आन्‌ मला वाटायचं, मला बापागत समजली. तेरा वर्सं."

रात्रीचे साडेदहा झाले असतील. त्याने फोन लावला. थोरल्या आईचा आवाज मला इतक्या दुरून ऐकू येत होता, कारण फोन म्हणजे लांब ओरडायचे असते अशी तिची समजूत.

"एवढ्या रातच्याला? काय झालं?"

"काय न्हाई, आय. जेवलीस का?"

"कवाच. तू?"

"जेवतो." तो थोडा वेळ गप्प. "आंबील करतीस का गं अजून?"

"ताक कुठलं? गाय आटली. जत्रंला यायचास तर ये, मागून आनीन कुनाकडनं."

फोन ठेवून तो भट्टी विझली का बघायला खाली गेला. माझ्या बाटलीत निम्मी उरली होती, तिचा गारवा गेला होता. ती मी तशीच प्यालो.

पुढच्या चैत्रात आप्पा आला. विहीर कोरडीच होती. तळाचे खडक दिसत होते. आंबिलीची कळशी थोरल्या आईने ओल्या फडक्यात गुंडाळून लिंबाखाली ठेवली होती, आणि फडके सुकले की दर घटकेला एकजण उठून त्यावर पाणी शिंपडत होता. तांब्यातले, बोटांनी.